एक संच, चार संगीत नाटके, पाच रात्री: महोत्सवाची आखणी कोठून सुरू करावी

आपल्या प्रश्नाचा सारांश असा, की एका जिल्ह्याच्या गावातील आपली हौशी नाट्यसंस्था येत्या हिवाळ्यात पाच दिवसांचा संगीत नाट्यमहोत्सव भरवू इच्छिते; ‘सौभद्र’, ‘शारदा’, ‘मानापमान’ आणि ‘एकच प्याला’ ही चार नाटके एकाच नटसंचाने आणि एकाच तांत्रिक चमूने करावयाची आहेत; आणि त्यासाठी माणसे किती लागतील, कामांची वाटणी कशी करावी व कोणते नाटक कोणत्या दिवशी लावावे, याविषयी आपल्याला सल्ला हवा आहे. मी सहा वर्षे पडदा ओढला, आणि त्यानंतरची एकतीस वर्षे संगीत नाटकांचा रंगमंच व्यवस्थापक म्हणून काम केले. तेवढ्या अनुभवावर हे उत्तर देत आहे. अभिनयाचे आणि गायनाचे मार्गदर्शन आपले दिग्दर्शक व गुरुजी करतीलच. मी विंगेतून, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या आडोशातून, जे दिसते तेवढेच सांगेन.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. आपण पाठवलेल्या कच्च्या आराखड्यात नाटकांचा क्रम त्यांच्या जन्मवर्षांप्रमाणे लावलेला आहे: 1882चे ‘सौभद्र’, 1899चे ‘शारदा’, 1911चे ‘मानापमान’ आणि 1919चे ‘एकच प्याला’. जाहिरातीला हा क्रम शोभून दिसतो आणि स्मरणिकेतील लेखालाही सोयीचा पडतो. परंतु महोत्सवाचा क्रम ठरवण्याची जागा जाहिरात ही नव्हे. तो गायक नटांच्या गळ्यांवरून आणि रंगमंचामागे सामान ठेवायला किती जागा आहे यावरून ठरवावा लागतो. योगायोगाने आपला क्रम थोड्याशा फेरफाराने चालण्यासारखा आहे, पण तो का चालतो हे समजून घेतले नाही तर ऐनवेळी एक बदल करावा लागताच सगळी घडी विस्कटेल.

एकाच संचाने अनेक नाटके आलटून पालटून करणे ही आपल्या रंगभूमीला नवी गोष्ट नाही. उलट तोच तिचा मूळ धर्म होता. 1880 साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगमंचावर आल्यापासून किर्लोस्कर मंडळी, पुढे 1908 साली केशवराव भोसले यांनी काढलेली ललितकलादर्श आणि 1913 साली निघालेली गंधर्व नाटक मंडळी या सगळ्या कंपन्या गावोगाव मुक्काम ठोकून आठवड्यात निरनिराळी नाटके लावत असत. गणपतराव बोडस ‘मानापमाना’त लक्ष्मीधर करत आणि ‘एकच प्याला’त सुधाकर, पहिला अव्वल विनोदी, दुसरा अंगावर काटा आणणारा. बालगंधर्वांच्या वाट्याला तर सुभद्रा, शारदा, भामिनी आणि सिंधू या चारही नाटकांच्या नायिकांच्या भूमिका होत्या. मात्र त्या मंडळींचे बिऱ्हाड एक, स्वयंपाक एक आणि सकाळची तालीम एक. आपली माणसे दिवसभर बँकेत, शाळेत किंवा दुकानात काम करून संध्याकाळी सातला तालमीला येतात. त्यात आणखी एक सवय आड येते. आपल्यासारख्या संस्था घडतात त्या राज्य संगीत नाट्य स्पर्धेत, आणि तेथे वर्षभराची शक्ती एका नाटकाच्या एका प्रयोगावर लावायची असते. महोत्सवात नेमके उलटे करावे लागते: पहिल्या रात्री थोडे राखून ठेवावे लागते. स्पर्धेत मुरलेल्या नटाला हे पटवून देणे हे व्यवस्थापकाचे सर्वांत अवघड काम आहे, हे मी आधीच सांगून ठेवतो.

आता गळ्यांविषयी. एक मोठा कागद घ्या, वर चार नाटकांची नावे लिहा आणि खाली प्रत्येक गाणाऱ्या नटाच्या नावापुढे त्याने त्या नाटकात किती पदे म्हणायची ते लिहा. जुन्या संहितांतील सगळी पदे आज कोणी घेत नाही. तीन सव्वातीन तासांच्या प्रयोगात एकंदर पंचवीस तीस पदे बसतात. हा तक्ता झाला की आपल्या लक्षात येईल की सुभद्रा, भामिनी आणि सिंधू या तिन्ही एकाच गायिकेला देणे म्हणजे तिचा गळा तिसऱ्या रात्री बसवणे होय. माझी सूचना अशी, की सुभद्रा आणि सिंधू एकीकडे द्याव्यात, भामिनी दुसरीकडे द्यावी आणि तिलाच पहिल्या दिवशी ‘सौभद्रा’तील रुक्मिणीचे हलके काम द्यावे, शारदा मात्र तिसऱ्या, वयाने लहान मुलीने करावी, कारण ती भूमिकाच कोवळ्या वयाची आहे आणि पंचेचाळिशीतल्या शारदेला प्रेक्षक सोसून घेतात एवढेच. पुरुषांत ‘सौभद्रा’त कृष्ण करणाऱ्याने एक दिवस सोडून ‘मानापमाना’तला धैर्यधर करावा. नारदाने दुसऱ्या दिवशी ‘शारदे’तला कोदंड करावा. अर्जुनाला मध्ये पूर्ण विश्रांती देऊन शेवटी ‘एकच प्याला’तला रामलाल द्यावा. अशी वाटणी केली की कोणत्याही मोठ्या गायकाला लागोपाठ दोन रात्री जड काम येत नाही.

यावरून क्रम आपोआप निघतो. पहिल्या दिवशी ‘सौभद्र’, कारण ते सर्वांना पाठ असते, पात्रे पुष्कळ असतात आणि सगळ्या संचाला एकदम रंगमंचाची सवय होते. दुसऱ्या दिवशी ‘शारदा’, ज्यात मोठ्या गायकांना सुट्टी मिळते आणि नेपथ्यही साधे असते. तिसऱ्या दिवशी ‘मानापमान’. चौथ्या संध्याकाळी आपण नाट्यगीतांची मैफल ठेवली आहे. ती कृपा करून रद्द करा. मैफलीत गाणार ते हेच गळे, आणि मैफलीत माणूस नाटकापेक्षा जास्त मोकळा सुटतो. त्या संध्याकाळी एखाद्या जुन्या जाणकाराचे सप्रयोग व्याख्यान ठेवा, तेही पडद्यापुढे, म्हणजे पडद्यामागे ‘एकच प्याला’ची मांडणी आणि प्रकाशाची तालीम निवांत उरकता येईल. पाचव्या दिवशी ‘एकच प्याला’ झाल्यावर दुसरे काही लावू नये. त्या शेवटानंतर लोक उत्साहाने आभारप्रदर्शन ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतात.

गायकांची काळजी सगळेच घेतात. ज्याची कोणीच घेत नाही तो माणूस म्हणजे आपला विनोदी नट. तो गात नाही, म्हणून त्याला चारही दिवस उभे केले जाते: पहिल्या दिवशी वक्रतुंड, दुसऱ्या दिवशी भद्रेश्वर दीक्षित, तिसऱ्या दिवशी लक्ष्मीधर आणि शेवटी तळीराम. आता पाहा, गायकाला पट्टी असते, साथ असते, श्वास घ्यायला जागा असते. गद्य नटाला हशाच्या वरून आवाज चढवून पुढचे वाक्य फेकावे लागते. ‘एकच प्याला’तली गडकऱ्यांची लांबलचक वाक्ये एका दमात म्हणायची, तीही दारू प्यायल्याच्या आवाजात घसा खरवडून, हे काम कोणत्याही तानेपेक्षा घशाला महाग पडते. मी पाहिलेल्या महोत्सवांत आवाज बसलेले नट मोजले तर त्यांत गद्य नटच अधिक निघतील. म्हणून विनोदी नट दोन ठेवा, आणि तळीराम करणाऱ्याला आदल्या दिवशी व्याख्यानाचे सूत्रसंचालनसुद्धा देऊ नका.

प्रत्येक मोठ्या भूमिकेला एक तयार बदली नट असलाच पाहिजे. येथे हटकून कोणीतरी 12 मार्च 1911ची गोष्ट सांगतो: मुंबईत ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली, आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले. ही गोष्ट ऐकताना आजही माझ्या अंगावर शहारा येतो. परंतु व्यवस्थापकाने ती आपल्या नियोजनाचा आधार करू नये. कोणाच्या घरी काय होईल ते सांगता येत नाही, आणि हौशी नटाने तशा दिवशी घरी राहावे हेच योग्य. बदली नटाला नुसते पाठांतर करायला लावून भागत नाही. त्याला निदान एक रंगीत तालीम पूर्ण वेशात मिळाली पाहिजे, नाहीतर तो ऐनवेळी शेला कुठे अडकतो तेच पाहत राहतो.

आता संहितेविषयी, कारण माझ्या आयुष्यातील सर्वांत लाजिरवाणी रात्र संहितेमुळे आली. एका महोत्सवात आम्ही ‘सौभद्र’ दोन वेळा कापले होते. पहिल्यांदा तालमीच्या सुरुवातीला आणि दुसऱ्यांदा प्रयोगाच्या आठ दिवस आधी, वेळ जास्त होतो म्हणून. दुसरी कापणी नटांना सांगितली, ऑर्गनवादकाला सांगितली, आणि प्रॉम्प्टरच्या, म्हणजे विंगेतून नटाला विसरलेले शब्द सुचवणाऱ्याच्या, प्रतीत करायची राहून गेली. बलराम करणारे गृहस्थ एका जागी थबकले. प्रॉम्प्टरने तत्परतेने वाक्य दिले, पण ते कापलेल्या भागातले होते. बलरामांनी ते उचलले, कृष्णाला त्याचे पुढचे वाक्य येईना, आणि सुमारे अर्धा मिनिट द्वारकेत पूर्ण शांतता पसरली. शेवटी ऑर्गनवादकाने पुढच्या पदाचा षड्ज धरला आणि कृष्ण सरळ गायलाच लागला. लोकांना वाटले तशीच योजना असेल. चूक माझी होती, प्रॉम्प्टरची नव्हती. तेव्हापासून माझा नियम असा आहे, की रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी कापणी बंद होते, सर्व प्रती एकत्र आणून पान पान ताडून पाहिल्या जातात, प्रत्येक प्रतीवर तारीख घातली जाते आणि जुन्या प्रती संस्थेच्या कपाटात कुलूपबंद होतात. चार नाटके असली की हे चौपट महत्त्वाचे, कारण त्यात एका नाटकाची प्रत दुसऱ्या दिवशीच्या पिशवीत जाण्याचीही सोय असते.

प्रॉम्प्टर म्हणून कोणाला बसवावे? ज्याला काही काम नाही त्याला, असे हौशी संस्थांत उत्तर मिळते, आणि ते सपशेल चुकीचे आहे. प्रॉम्प्टरला नट थांबला आहे की विसरला आहे हे कळले पाहिजे. दोन्हींत नट एकसारखाच गप्प असतो. फरक डोळ्यांत असतो. थांबलेला नट समोरच्याकडे पाहतो, विसरलेला विंगेकडे पाहण्याचे टाळतो. शब्दसुद्धा दोन किंवा तीनच द्यायचे, पूर्ण वाक्य नाही. आणि पद चालू असताना काहीच द्यायचे नाही. गायक अंतरा विसरला तर तो धृपदावर परत येतो, तेथे त्याला साथ देणे हे ऑर्गनवाल्याचे काम आहे.

साथसंगतीचा प्रश्न आला आहे तर थोडे सविस्तर सांगतो, कारण संगीत नाटकात वादक हे साहाय्यक नसतात, ते प्रयोगाचा कणा असतात. गंधर्व मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष बसत असत, यावरून कंपन्या साथीला काय मान देत ते समजावे. आपल्याला ऑर्गन, तबला आणि शक्य असल्यास व्हायोलिन एवढे पुरेल; पण ऑर्गनवादक चारही नाटकांना एकच असावा आणि तो पहिल्या वाचनापासून तालमीला यावा. पूर्वी वादक प्रेक्षकांसमोर, रंगमंचाच्या खाली बसत आणि त्यांना नट समोरून दिसे. आता बहुतेक ठिकाणी त्यांना विंगेत बसवतात. मग नेपथ्यकार एक फ्लॅट, म्हणजे रंगवलेली उभी चौकट, अशी लावतो की ऑर्गनवादकाला गायिकेचा फक्त पदर दिसतो. गाणारा श्वास घेतो तो क्षण ऑर्गनवाल्याला दिसलाच पाहिजे, नाहीतर प्रत्येक पदाची उठावणी अर्ध्या मात्रेने मागे पडते. म्हणून माझा आग्रह असा, की नेपथ्याचा नकाशा काढताना कागदावर पहिली खूण ऑर्गनची करावी, तेथून रंगमंचाच्या मध्यापर्यंत रेघ ओढावी, आणि त्या रेघेवर काहीही उभे करू नये.

तबल्याची अडचण निराळी. नायक पांढरी दोन या पट्टीत गाणार आणि नायिका काळी चारमध्ये. त्यांची पदे लागोपाठ आली तर तबलजीला वाद्य चढवायला वेळ नसतो. त्याच्याजवळ निदान दोन, शक्यतो तीन तबले सुरात लावून ठेवलेले हवेत. वातानुकूलित नाट्यगृहात सकाळी लावलेला तबला संध्याकाळपर्यंत तसाच राहत नाही, आणि कोकणात किंवा गोव्यात देवळाच्या उत्सवात उघड्या मंडपात प्रयोग असला तर रात्री दव पडू लागले की पुडी, म्हणजे तबल्याचे कातडे, सैल पडून सूर खाली येतो. अशा वेळी तबले दोन अंकांच्या मध्ये दिव्याजवळ शेकत बसलेला माणूस दिसला तर त्याला हटकू नये. आपला महोत्सव डिसेंबरात आहे. नाट्यगृहाच्या व्यवस्थापनाला वातानुकूलन तिसऱ्या घंटेच्या वेळी नव्हे, तर निदान दोन तास आधी सुरू करायला सांगा, म्हणजे वाद्ये त्या हवेत स्थिरावतात.

वन्समोअरचे काय, असे आपण विचारले आहे. तो द्यावा, कारण संगीत नाटकाचा प्रेक्षक तेवढ्यासाठी येतो. पण एका रात्रीत दोनाच्या वर देऊ नये आणि तो द्यायचा की नाही हे नटाने ठरवू नये. टाळ्या ऐकल्यावर कोणताही गायक ‘नाही’ म्हणत नाही. आमच्याकडे हा निर्णय ऑर्गनवादक घेतो. त्याने पुन्हा सूर धरला तर गायचे, त्याने हात मांडीवर ठेवले तर गद्य सुरू करायचे. गळा किती शिल्लक आहे हे त्याच्याइतके कोणालाच कळत नाही. येथे प्रकाशयोजनेचा एक बारकावा लक्षात ठेवा. ‘सौभद्रा’त कृष्ण रुक्मिणीला पहाट होत असल्याचे पदातून सांगतो, तेव्हा प्रकाश हळूहळू उजळत न्यायचा असतो. वन्समोअर मिळाला की नवशिका लाइटवाला घाईघाईने पुन्हा अंधार करतो, म्हणजे द्वारकेत सूर्य उगवून परत मावळतो. उजळलेला प्रकाश तेथेच ठेवायचा, पद दुसऱ्यांदा पूर्ण उजेडात होऊ द्यायचे. हे त्याला कळायचे तर त्याला पदाचे शब्द माहीत हवेत. प्रकाश आणि ध्वनी सांभाळणारी माणसे भाड्याच्या सामानाबरोबर आलेली नसावीत, आपली असावीत आणि तालमीला बसलेली असावीत, असे मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

नेपथ्याविषयी माझे मत आजच्या पद्धतीच्या विरुद्ध आहे. आपल्या नेपथ्यकारांनी चार नाटकांसाठी चार पूर्ण सेट सुचवले आहेत. एका नाट्यगृहात पाच दिवस मुक्काम असला तरी सकाळपासून दुपारी दोनपर्यंत तेथे दुसऱ्या कोणाचे कार्यक्रम असतात, हे आपल्या पत्रावरून दिसते. म्हणजे दररोज रात्री सेट उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी दोननंतर नवा चढवायचा. चार पूर्ण सेट ठेवायला विंगेत जागा नाही आणि ते टेम्पोने रोज हलवण्याइतकी माणसे आपल्याकडे नाहीत. जुन्या कंपन्यांनी हे कोडे रंगवलेल्या पडद्यांनी सोडवले होते. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर किंवा ललितकलादर्शचे पु. श्री. काळे यांनी रंगवलेले पडदे ही त्या काळी स्वतंत्र पाहण्याची वस्तू होती. पण सौंदर्य बाजूला ठेवले तरी त्यात मोठी सोय होती. रस्ता, राजवाडा, उपवन आणि दिवाणखाना असे पडदे गुंडाळून वर टांगलेले असत. रस्त्याच्या पडद्यापुढे दोन पात्रांचा प्रवेश चालू असतानाच मागे दरबाराची मांडणी होई, आणि पडदा वर गेला की राजवाडा हजर. नाटककार प्रवेशांची रचनाच तशी करत. ‘सौभद्र’ वाचताना एक उथळ प्रवेश आणि एक खोल प्रवेश अशी वीण सहज दिसते. ती मोडून मध्ये अंधार करून खुर्च्या सरकवणे म्हणजे नाटकाने दिलेली सोय फेकून देणे आहे. चार पडदे आणि प्रत्येक नाटकासाठी चार सहा वेगळ्या वस्तू, एवढ्यात आपला महोत्सव होईल. ‘एकच प्याला’ला मात्र दिवाणखान्याचा पडदा पुरणार नाही, घराची उतरती कळा दिसायची असेल तर अंकागणिक सामान कमी होत गेले पाहिजे, आणि शेवटी जाते, एक चटई आणि तांब्या एवढेच उरले पाहिजे. जाते खरे दगडी वापरायचे असेल तर ते कोणत्या दोघांनी उचलायचे ते नावानिशी ठरवा. दोघांनी उचलायची वस्तू तिसऱ्याने एकट्याने उचलली की पाठ धरते, हे मी स्वतःच्या पाठीवरून सांगतो.

माणसांची संख्या विचारली आहे ती अशी. नट अठरा ते वीस. नेपथ्य आणि पडदे मिळून सहा, त्यांतला एक फक्त दर्शनी पडद्याचा. प्रकाश दोन, ध्वनी दोन, प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर वापरायच्या वस्तू, सांभाळणारे दोन, कपडेपट तीन, रंगभूषा तीन, प्रॉम्प्टर एक आणि त्याला बदली एक. वादक तीन. व्यवस्थापक एक, आणि त्याचा साहाय्यक दुसऱ्या बाजूच्या विंगेत एक. म्हणजे साधारण त्रेचाळीस ते पंचेचाळीस माणसे. ज्या नटाला त्या दिवशी काम नाही त्याने विंगेत मदत करावी, अशी आपली कल्पना आहे. ती ऐकायला चांगली असली तरी गाणाऱ्या नटाला धूळ झटकायला लावू नका. त्याला तिकीटबारीवर बसवा.

कपडेपटात प्रत्येक नाटकाची पेटी वेगळी आणि पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवलेली असावी. ‘सौभद्रा’चे मुकुट, बाजूबंद, शेले आणि ‘मानापमाना’चे अंगरखे, पागोटी यांत सरमिसळ झाली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला कोणीतरी कमरपट्टा शोधत फिरत असतो. घामाने ओले झालेले जरीचे कपडे त्याच रात्री पेटीत भरू नयेत; दोरीवर वाळवून सकाळी भरावेत. रंगभूषेत सर्वांत जास्त घोळ होतो तो अर्जुनाच्या यतिवेषात. दाढी अखंड एका पट्टीत चिकटवली की पहिली लांब तान घेताना जबडा उघडतो आणि दाढी एका बाजूने सुटते. मग अर्जुन उरलेला प्रवेश हनुवटीला हात लावून चिंतनमग्न अवस्थेत काढतो. दाढी तीन तुकड्यांत लावावी, हनुवटीचा एक आणि गालांचे दोन, आणि लावताना नटाला तोंड उघडून ‘आ’ करायला सांगावे. प्रयोगानंतर गम ओढून काढू नये, खोबरेल तेलाने सोडवावा. पुन्हा शेवटच्या दिवशी त्याच कातडीवर मिशी लावायची असते.

प्रॉपर्टीतील एकच गोष्ट सांगतो, कारण तीच सगळे विसरतात. ‘एकच प्याला’तील बाटलीत काय भरायचे? कोकम सरबत लाल दिसते आणि सुती सदऱ्यावर सांडले की डाग जात नाही. कोरा चहा योग्य रंगाचा दिसतो, पण तो बिनसाखरेचा हवा. कोणा भल्या माणसाने नटाला बरे वाटावे म्हणून साखर घातली, की पेले चिकट होतात आणि दुसऱ्या दिवशी पेटीत मुंग्या लागतात. चहा पूर्ण गार झालेला असावा. गरम चहाची वाफ पाचव्या रांगेतून दिसते. आणि सुधाकराचा पेला काचेचाच, जाड बुडाचा घ्या. स्टीलच्या पेल्याचा आवाज दारूचा वाटत नाही.

ध्वनीबाबत फार लिहीत नाही. गायकांना कॉलर माईक देऊ नयेत. दागिन्यांवर आणि दाढीवर घासून खरखर येते. पुढे जमिनीलगत तीन आणि वर टांगलेले दोन माईक सहाशे सातशे आसनांच्या गृहाला पुरतात, मात्र ते प्रयोगाआधी गायकाला उभे करून तपासावेत, ‘हॅलो हॅलो’ म्हणून नव्हे.

वेळापत्रक असे ठेवा: दुपारी दोनला नेपथ्य, चारला प्रकाश, साडेचारला नट रंगपटात, पाचला वादकांनी वाद्ये लावणे, सहाला पहिली घंटा, साडेसहाला नांदी. प्रयोग पावणेदहाला संपला तर अकरापर्यंत सेट उतरतो. नटांनी जेवण प्रयोगानंतर करावे आणि ते तिखट तेलकट नसावे. पिठले भात, मुगाची खिचडी, कढी असे काही. तंत्रज्ञांचे जेवण मात्र प्रयोगाआधी, पाचच्या सुमारास व्हावे, कारण नट घरी गेल्यावर त्यांचे काम सुरू होते आणि बाराला थंड पोळी भाजी खाल्लेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला वेळेवर येत नाही.

शेवटच्या रात्री आवराआवरीत सगळ्यांना घरी जाण्याची घाई असते आणि बहुतेक वस्तू त्याच रात्री हरवतात. प्रत्येक पेटी यादी वाचून भरली जाईपर्यंत टेम्पोचे दार उघडू नका. ऑर्गन सर्वांत शेवटी चढवा, उभाच ठेवा, आडवा करू नका, दोन्ही बाजूंनी गाद्या लावा, आणि त्याच्यावर कोणी मुकुटांची पेटी ठेवणार नाही यासाठी एक माणूस टेम्पोत मागे बसवा.